पाणी समितीत नाव आलंय? शेवटच्या घरापासून सुरू करा

ग्रामसभेत सरपंचांनी नावं वाचली, त्यात तुमचंही वाचलं, तुम्ही कदाचित त्या दिवशी हजरही नव्हता, आणि आता तुम्ही ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य आहात. माझं असंच झालं. मला ते चुलत भावाकडून कळलं आणि सांगताना तो हसत होता. तो का हसत होता हे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला समजलं. फोन आला, "नळाला पाणी नाही. तू समितीत आहेस ना आता?"

हा लेख अशा नव्या सदस्यांसाठी आहे. आमचं गाव माणदेशातलं, हजारेक वस्तीचं. एक विहीर, ५ हॉर्सपॉवरची एक मोटार, चाळीस हजार लिटरची एक उंच टाकी आणि दोनशे नळ. खालचे हिशोब याच मापाचे आहेत, तुमच्या गावाला बसतील तसे वाढवा किंवा कमी करा. तुमच्याकडे प्रादेशिक योजनेचं, म्हणजे अनेक गावांच्या एकत्र योजनेचं, पाणी येत असेल, तर विहीर आणि मोटारीचा भाग वगळून टाकीपासून पुढचं वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाका. समिती म्हणजे ग्रामपंचायतीला समांतर असं दुसरं सत्ताकेंद्र नाही, ती ग्रामपंचायतीचीच समिती आहे. पिण्याचं पाणी हा विषय ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींच्या यादीत टाकला. महाराष्ट्रात २००० सालापासून धोरणच असं झालं की गावानं योजना मागायची, काही वाटा उचलायचा आणि नंतर ती चालवायचीही. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, त्यात घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरलं. समितीत निम्म्या महिला असाव्यात असंही त्यात आहे. बऱ्याच ठिकाणी या महिला फक्त सहीच्या रकान्यात दिसतात. तुमच्या गावात तसं असेल, तर पहिल्याच बैठकीची वेळ बदला. रात्री नऊची बैठक म्हणजे बायकांनी येऊ नये याचीच सोय असते.

पहिला दिवस: उलटं चाला

नवीन सदस्य सहसा विहिरीवर जातो, मोटार बघतो, फोटो काढतो. तुम्ही तसं करू नका. पाण्याच्या वेळी, दहा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन, गावातल्या सगळ्यात शेवटच्या आणि सगळ्यात उंचावरच्या नळावर जा. बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. मग तिथून टाकीकडे चालत या आणि वाटेत चार-पाच नळांवर तेच करा.

आमच्याकडे शेवटचं घर वरच्या आळीतल्या एका आक्कांचं. त्यांच्या नळावर बादलीला तीन मिनिटं लागली. पाणी यायचं पाऊण तास, म्हणजे पंधरा बादल्या, दीडशे लिटर. घरात माणसं पाच. माणशी ३० लिटर झालं. टाकीजवळच्या पहिल्या नळावर तीच बादली वीस सेकंदांत भरली. पाऊण तासात तिथं साडेतेराशे लिटर येऊ शकत होतं, आणि येतही होतं, कारण तोटी उघडी आणि पाइप परसातल्या कढीपत्त्याला लावलेला. कागदावर गावाचा पुरवठा ५५ लिटरच होता. सरासरी काढली की कढीपत्त्याचं पाणी आक्कांच्या नावावर जमा होतं.

"मोजून काय करणार रे तू?" आक्कांनी विचारलं. "आधीचे बी मोजून गेले."

आधीच्यांनी मोजलं असेलही, पण लिहिलं नव्हतं. म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, घर, बादलीचे सेकंद. हीच चालणी करताना पाणी सोडणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. गावात कुठली पाइप कुठून जाते, कुठला व्हॉल्व्ह सिमेंटच्या रस्त्याखाली गाडला गेलाय, कुठे जुन्या लाइनला नवी जोडलीय, हे त्याच्या डोक्यात असतं आणि फक्त त्याच्याच डोक्यात असतं. तो बोलेल तसा कागदावर नकाशा काढा. वाकडातिकडा चालेल, पण व्हॉल्व्हची जागा लिहिताना "शाळेच्या गेटपासून बारा पावलं, लिंबाच्या बाजूला" असं लिहा. लिंब तोडलं जाऊ शकतं, गेट सहसा तिथंच राहतं.

योजना ताब्यात घेताना सही सावकाश करा

योजना नवीन असेल, तर कधीतरी एक गाडी येईल, दोन माणसं उतरतील आणि हस्तांतरणाच्या कागदावर सही मागतील. समोर चहा असेल, घाई असेल. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, पाणी सलग काही दिवस प्रत्येक घरी आलेलं बघा. एका दिवसाच्या उद्घाटनाला टँकरनं टाकी भरूनही नळ वाहवता येतात. दोन, चर उघडे असतानाच पाइप किती खोल टाकलीय ते बघितलेलं असावं. चर बुजल्यावर तक्रार करून उपयोग नसतो, ट्रॅक्टर गेल्यावर पाइपच तक्रार करते. तीन, कागद घ्या. प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा, मोटार आणि पॅनेलचं वॉरंटी कार्ड, विहिरीची किंवा बोअरची क्षमता चाचणी, पाण्याचा तपासणी अहवाल, टाकीत पाणी भरून गळती पाहिल्याची नोंद. यातलं काही नसेल तर सही करा हवं तर, पण सहीच्या वर "अमुक कागद मिळाले नाहीत" असं पेनानं लिहा. त्या एका ओळीमुळे आम्हाला पुढे सात महिन्यांनी नकाशा मिळाला.

विहीर: उद्भव म्हणजे काय ते समजून घ्या

सरकारी कागदात ज्याला उद्भव म्हणतात ती तुमची विहीर किंवा बोअर. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक स्पंजासारखा पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (सच्छिद्र, मऊ खडकात) आणि खडकाच्या फटींत. त्यामुळे शेजारच्या शेतात दोनशे फुटांवर पाणी लागलं म्हणून आपल्याकडे लागेलच असं नाही, आणि दिवाळीत तुडुंब असलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते, त्यात कोणाचा दोष असेलच असंही नाही. पण पुष्कळदा असतो. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला उसासाठी चार बोअर पडले, तर गावाची विहीर त्यांच्या आधी आटते.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्याचं बंधन आहे. हे गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही, कारण बोअर घेणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. बोअरची गाडी गावात आल्यावर भांडण होतं. त्याआधी, पावसाळ्यात, ग्रामसभेत ठराव करून ५०० मीटरचं वर्तुळ नकाशावर आखून भिंतीवर लावलं तर निदान "मला माहीत नव्हतं" हे उत्तर बंद होतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं यापुढचं पाऊल टाकलं. शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी बंद केली, आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यात माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं. सगळ्या गावांना ते जमेल असं मी म्हणत नाही. आम्हाला जमलं नाही, आमच्याकडे ऊस आहे. पण ताळेबंद मांडायला ऊस आड येत नाही.

विहिरीची पातळी महिन्याच्या एक तारखेला मोजा. दोरीला दगड बांधा, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून मोजा, मोटार बंद होऊन निदान आठ तास झाले असताना मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या वहीत बारा आकडे असतील. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की विहीर कधी दगा देणार हे जानेवारीतच सांगता येतं.

आणि विहिरीला जाळी आहे का, कठडा जमिनीपासून वर आहे का, कपडे कुठे धुतात, उकिरडा किती जवळ आहे, हे बघा. उकिरडा आणि शोषखड्डा यांचं पाणी फटींतून सरळ विहिरीत येतं, आणि नायट्रेट वाढतं. पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं दाट होतं.

मोटार: अँपिअरचा काटा बघायला शिका

माझी पहिली मोठी चूक इथली. एप्रिल महिना, रात्री अडीचची लाइट, पाणी सोडणारा लग्नाला गेलेला. त्याच्याऐवजी मी बटण दाबलं आणि मोटार चालू झाल्याचा आवाज आला म्हणून घरी येऊन झोपलो. तीनपैकी एक फेज गेलेली होती. मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली आणि जळाली. विहिरीतून काढायला एक दिवस, तालुक्याला नेऊन वाइंडिंग भरून आणायला पाच दिवस, परत सोडायला एक. आठवडाभर बायकांनी शेतातल्या विहिरीवरून पाणी आणलं. मला कोणी काही बोललं नाही, ते जास्त वाईट होतं.

म्हणून नवशिक्यानं हे पाठ करावं. पॅनेलवर दोन काटे असतात. व्होल्टचा काटा तिन्ही फेजमध्ये ४०० च्या आसपास असावा. फार खाली असेल, तर मोटार चालू करू नका. दुसरा काटा अँपिअरचा. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार साधारण ७ ते ८ अँपिअर ओढते. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर असतो, तो पॅनेलच्या दारावर ठळक लिहून ठेवा. काटा त्याच्या वर गेला तर फेज गेलीय, बेअरिंग धरलंय किंवा पंपात काहीतरी अडकलंय. काटा नेहमीपेक्षा बराच खाली आला तर विहिरीतलं पाणी संपलंय आणि मोटार कोरडी फिरतेय. दोन्ही वेळी बंद करा, मग विचार करा. फेज गेल्यावर आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद करणारी उपकरणं मिळतात. ती मोटार भरण्याच्या एका खर्चात सहज बसतात. ती बसवून घ्या आणि कोणी "सारखी ट्रिप होते" म्हणून तारा बायपास केल्या नाहीत ना, हे अधूनमधून बघा. हा प्रकार जितका सांगितला जातो त्याहून जास्त होतो.

मोटार पुरेसं पाणी देतेय का, हे टाकीवरून कळतं. हिशोब असा. हजार माणसं, माणशी ५५ लिटर, म्हणजे ५५ हजार. गळतीनाळतीचं धरून रोज ६५ हजार लिटर चढवायचं. सहा तास लाइट मिळाली तर तासाला सुमारे ११ हजार. आमची टाकी गोल, व्यास ५ मीटर. अशा टाकीत पाणी एक सेंटिमीटर चढलं की साधारण १९६ लिटर आलं. म्हणजे गावाकडचे व्हॉल्व्ह बंद ठेवून भरताना टाकी तासाला ५६ सेंटिमीटर चढायला हवी. चाळीसच चढत असेल, तर पंपाचे इंपेलर (आतल्या पाणी ढकलणाऱ्या चकत्या) झिजलेत, वर चढणाऱ्या लाइनला गळती आहे किंवा विहिरीजवळचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह, अर्धवट अडकलाय. हाच हिशोब उलटाही चालतो. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीच्या मोजपट्टीवर खूण करा. पहाटे पातळी दहा सेंटिमीटर खाली असेल, तर झोपेत दोन हजार लिटर गेलं.

वाटप: झोन, व्हॉल्व्ह आणि नळाला लावलेली मोटार

दोनशे नळ एकदम सोडले की खालच्या आळीला पूर येतो आणि वरची आळी कोरडी राहते. पाणी उताराला जातं, त्याला जात-पात, पक्ष कळत नाही, पण वरच्या आळीत कोण राहतं आणि खालच्या आळीत कोण, हे गावाला कळतं. म्हणून गावाचे तीन-चार झोन करा, वरच्या झोनला टाकी पूर्ण भरलेली असताना आधी पाणी सोडा, कारण तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. आम्ही एवढंच केलं. एक रुपया खर्च न करता आक्कांची बादली तीन मिनिटांवरून सव्वा मिनिटावर आली.

प्रत्येक जोडणी सारख्या मापाची, अर्ध्या इंचाची ठेवा. रात्रीत कोणी पाऊण इंची केली तर ती सगळ्यांसमोर बदला. आणि नळाला थेट मोटार लावणारे. यावर गावोगावी भांडणं होतात आणि बहुतेक भांडणं "त्याचं पाणी मी का ओढू नये" इथंच अडकतात. मुद्दा पाण्याच्या वाट्यापुरता नाही, तो आरोग्याचा आहे. मोटार लाइनमधून पाणी खेचते तेव्हा लाइनमधला दाब उणे होतो आणि जिथे बारीक चीर आहे तिथून बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. बाहेर काय असतं? पुष्कळ ठिकाणी गटार, कारण खोदायला सोपी जागा म्हणून पाइप गटारातूनच नेलेली असते. पाणी बंद झाल्यावर लाइन रिकामी होतानाही हेच घडतं. गावात एकाच आळीत जुलाब सुरू झाले की मी आधी त्या आळीतली गटारातून जाणारी लाइन बघतो. गटारातली जोडणी वर उचलून घ्यायला एक गवंडी आणि अर्धा दिवस पुरतो. मोटारवाल्यांसाठी आमच्याकडे सोपा उपाय निघाला: पाण्याच्या वेळात त्या आळीची लाइट घालवायची. तो नियमात कितपत बसतो यावर वाद आहे, पण त्या महिन्यात मोटारी निघाल्या.

टीसीएल: रोजचं काम, रोजच करायचं

ब्लीचिंग पावडरला गावात सगळे टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत क्लोरीन ३० टक्क्यांच्या आसपास असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि उरतो चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. ती कितीही टाकली तरी पाण्याला पांढरेपणा येईल, निर्जंतुकपणा येणार नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात दोन वर्षांचा साठा करून ठेवणं म्हणजे चुन्याचा साठा करणं. दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा, पॅनेलच्या खोलीत ठेवू नका. तिच्या वाफेनं स्टार्टरचे पॉइंट गंजतात.

माप: हजार लिटरला ५ ग्रॅम. रोज ६५ हजार लिटर, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम. रोज वजनकाटा कोण काढणार? एकदा किराणा दुकानात जाऊन सव्वातीनशे ग्रॅम तोलून घ्या, एका प्लास्टिकच्या मगात ओता आणि वरच्या पातळीला बाहेरून खिळ्यानं ओरखडा काढा. झाला तुमचा मापाचा मग. टाकी दिवसातून दोनदा भरत असेल, तर मापही दोन भागांत द्या.

पावडर कोरडी टाकीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून लाकडी काठीनं आधी घट्ट लापशी करा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटं शांत ठेवा. चुना खाली बसतो, वर पिवळसर निवळ येते. ती निवळ टाकीत ओतायची, खालचा चुना फेकून द्यायचा. टाकी भरत असतानाच ओतली की पाण्याच्या धारेनं ती नीट मिसळते. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. हे करताना तोंडाला रुमाल हवा, चेहरा बादलीवर वाकवायचा नाही.

टाकी नसून आडातलंच पाणी शेंदत असतील, तर आडातलं पाणी मोजा: व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. सहा मीटर व्यास, तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे ८५ घनमीटर, ८५ हजार लिटर, सव्वाचारशे ग्रॅम टीसीएल. निवळ रात्री टाकावी, सकाळपर्यंत कोणी पाणी काढत नाही.

मग तपासणी. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, पाण्यातला क्लोरीन ओळखायचं रसायन; त्याची बाटली आरोग्य उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत असते. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. फिकट पिवळा आला तर क्लोरीन आहे. रंगपट्टीवर तो लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. रंगच नाही आला तर क्लोरीन नाही. टाकीखालच्या नळाला छान पिवळा आणि शेवटच्या घराला पांढरंफटक, असं झालं तर टीसीएल वाढवू नका, लाइन शोधा. मध्ये कुठेतरी घाण आत येतेय आणि क्लोरीन तिच्याशी लढून संपतोय. आम्हाला एक चीर अशीच सापडली, तीन घरांच्या मधोमध, मोरीच्या दगडाखाली. ओटीचं रसायन विषारी आहे, तपासलेलं पाणी लगेच ओतून द्या, हात धुवा, बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

"पाण्याला औषधाचा वास येतो" ही तक्रार येणारच. थोडा वास येत असेल तर तो तुमच्या कामाचा पुरावा आहे. डोळे झोंबत असतील तर मगाचं माप चुकलंय.

प्रयोगशाळा आणि कार्डं

टीसीएलनं जंतू मरतात, खडकातून विरघळून आलेलं काही जात नाही. म्हणून रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, करून घ्यायचीच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरला फ्लोराइड जास्त आहे. मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची, त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की पोरांचे दात तपकिरी होतात, पुढे हाडं जातात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा या भागांत, पाणी दिसायला स्वच्छ आणि प्यायला खारट. अशा ठिकाणी उद्भव बदलणं किंवा लांबून गोडं पाणी आणणं हाच खरा मार्ग. गावात पाच महिलांना तपासणी किट वापरायचं शिकवलेलं असतं. किट कुठल्या कपाटात आहे आणि त्यातल्या रसायनाची तारीख उलटलीय का, एवढं पहिल्या महिन्यात शोधा.

आरोग्य खातं वर्षातून दोनदा उद्भवांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतं: हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल मिळालं तर लाजून फाइलमध्ये घालू नका. कशाकशाचे गुण गेले ते विचारा, यादी तुमच्या कामाची आहे.

पैसे

आमचं महिन्याचं अंदाजपत्रक असं होतं. वीज सुमारे ८०० युनिट, युनिटला ६ रुपये धरून ४,८०० रुपये. पाणी सोडणाऱ्याचं मानधन ६,०००. टीसीएल आणि ओटी ६००. वॉशर, व्हॉल्व्ह, गळती २,६००. मोटार आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला २,०००. एकूण १६,०००. दोनशे घरांत भागलं की घराला ८० रुपये. म्हणून ग्रामसभेत ८० रुपये पाणीपट्टी ठरली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पैसे दिले १६० घरांनी. महिन्याला १२,८००. तूट ३,२००, आणि अशा वेळी पहिली कात्री कशाला लागते? मोटारीच्या बाजूला काढायच्या पैशाला, मग टीसीएलला. वीज बिल थांबवता येत नाही आणि माणसाचा पगार थांबवला तर तो पाणी थांबवतो. तेव्हा पट्टी ठरवताना भागाकार सगळ्या घरांनी करू नका, जितकी घरं प्रत्यक्षात देतात तितक्यांनी करा. आमच्याकडे ते १०० रुपये आलं. वसुली वाढली तर पुढच्या वर्षी कमी करू असं बोलून ठेवा.

वसुली बचत गटाकडे दिल्यावर आमच्याकडे ती वाढली. गावातल्या बायका दारात आल्यावर "उद्या या" म्हणणं जरा अवघड जातं. पावती जागेवर द्यायची. आणि दर महिन्याला जमा-खर्च टाकीच्या खांबावर खडूनं लिहायचा, त्यात कोणाची बाकी किती हे लिहायचं की नाही ते तुमच्या गावाच्या स्वभावावर ठरवा. आम्ही पहिल्या महिन्यात नावं लिहिली आणि दोन माजी पदाधिकारी माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. बाकी मात्र भरली.

मोठ्या कामांना वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरता येणाऱ्या) निधीचा पिण्याच्या पाण्यासाठीचा हिस्सा असतो, त्याचं नियोजन गावाच्या वार्षिक आराखड्यात आधी यावं लागतं. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला जा. मोटार जळाल्यावर गेलात, तर पुढचं वर्ष सांगतील.

ऑक्टोबर

दिवाळीच्या आसपास सगळीकडे पाणी असतं, आणि टंचाईचा आराखडा तेव्हाच बनतो. तो तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. खासगी विहीर अधिग्रहित करायची, तात्पुरती लाइन टाकायची, टँकर लागणार, यातलं जे तुमच्या गावाला लागेल त्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीनं पंचायत समितीकडे वेळेत द्यायचा. टँकर मागायला मेमध्ये मोर्चा काढण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, पण अधिग्रहणाची विहीर एकदा कागदावर आली की मार्चमध्ये फक्त मोटार जोडायची उरते. विहीरमालकाशी बोलणं मात्र कागदाआधी करा, त्याच्या घरी जाऊन, आणि त्याच्या पिकाला किती दिवस पाणी लागतं ते विचारून. वहीतले पातळीचे आकडे इथे कामाला येतात. "विहीर आटेल असं वाटतं" या वाक्याला तालुक्यात कोणी विचारत नाही. "गेल्या दोन वर्षी २० फेब्रुवारीच्या आसपास पाणी फूटव्हॉल्व्हच्या (पाइपच्या तळाच्या झडपेच्या) खाली गेलं" असं लिहिलेला अर्ज साहेबांनी मान वर करून वाचला, हे मी समोर बसून पाहिलंय.

त्याच महिन्यात टाकी धुवा. दोन माणसं, एक वर शिडीशी, एक आत, उजेडात. आतल्या माणसाला कमरेला दोर बांधा आणि झाकण उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या, मगच उतरू द्या. गाळ ब्रशनं काढून वॉशआउटनं (टाकीच्या तळाच्या निचऱ्याच्या पाइपनं) बाहेर सोडा, भिंतींना टीसीएलचं दाट पाणी फासा, अर्ध्या तासानं धुवून टाका. धुतल्याची तारीख ऑइलपेंटनं टाकीच्या खांबावर लिहा. आमच्या खांबावर आमच्या आधीची एकच तारीख होती, योजनेच्या उद्घाटनाची.